शेप पेन यांचे देखावे

श्रोतेहो, नमस्कार. ग्वाल्हेरकरांना छोट्या प्रतिकृतींचं अप्रूप जुनंच आहे. जयविलास महालातली, जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आपण लहानपणापासून पाहत आलो. आज मात्र मला बोलायचंय ते छोट्या प्रतिकृतींचे देखावे उभे करणाऱ्या, शिकागोच्या शेप पेन यांच्याबद्दल. जन्म १९४६ चा, निधन २०१५ साली. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानं, रणगाडे करणारे आम्ही सगळे त्यांचे ऋणी आहोत.

१९७० च्या दशकात, अशा सुट्या भागांचे संच विकणाऱ्या मोनोग्राम कंपनीच्या खोक्यांत एक पत्रक असायचं. त्यात पेन यांनी केलेल्या देखाव्याचे फोटो, आणि तो कसा केला याची सगळी कृती. हातचं काही राखून ठेवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव मला फार मोठा वाटतो. त्यांचं बी-१७ बॉम्बर विमान घ्या. १:४८ प्रमाणात, पंखांचा पसारा दोन फुटांहून जास्त. कुणीही ते ऐटीत उभं केलं असतं. पेन यांनी ते पोटावर उतरलेलं दाखवलं. पाहणारा आधी विचारतो, आतली माणसं वाचली का?

रंगकाम त्यांच्याकडूनच शिकावं. एवढ्याशा वस्तूवर खरी सावली पुरेशी पडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. गडद रंग खूप पातळ करून सोडायचा. तो आपोआप फटींत, खाचांत जाऊन बसतो. वाळला की ब्रशला फिकट रंग लावून तो फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा, आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. रिव्हेट न् रिव्हेट उठून दिसते. ही रीत एकट्या पेन यांची नव्हे, पण घरोघरी पोचवली ती त्यांनी.

दिवाळीत आपल्याकडे मुलं मातीचा किल्ला करतात, तिथं हे सगळं लागू पडतं. बुरुजांना आधी पातळ काळा रंग, मग कोरडा ब्रश. आणि मावळे रांगेत, समोर तोंड करून उभे करू नका. एकाला दरवाजाकडे बोट दाखवायला लावा, दोघांना तिकडे वळवा, एकाला धावत येऊ द्या. दरवाजाबाहेर कोण आलंय, ते मुलांनाच ठरवू द्या.