साताऱ्याच्या वेढ्यातला एक फतवा

(सातारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, इस्लामी कायद्याबद्दल आपल्याकडे दोन दावे जोरात चालतात. पहिला असा की शरियत म्हणजे एकच पुस्तक, चौदाशे वर्षांत त्यात काना-मात्रेचा फरक पडलेला नाही, आणि मुसलमान राजा आला की त्याने तेच सगळ्या रयतेला लावलं. दुसरा असा की शरियतीत निखळ न्यायच आहे, बाईला मालमत्तेत वाटा तिनेच पहिल्यांदा दिला, आणि जे वाईट दिसतं तो सगळा माणसांचा दोष. हे दावे करणारे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पण दोघंही धरून चालतात की शरियत नावाची एक न बदलणारी, एकसंध वस्तू आहे. ते तपासायला बगदादपर्यंत जायला नको. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीच त्याचा पुरावा आहे.

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याला वेढा घालून बसला. एप्रिल १७०० मध्ये किल्ला त्याच्या हाती गेला आणि त्याचा ‘आझमतारा’ झाला. मधल्या काळात रमजान आला. किल्ल्यातल्या लोकांनी बाहेर पडून मोगली छावणीवर हल्ला केला, त्यात तेरा जण पकडले गेले. नऊ हिंदू, चार मुसलमान. मराठ्यांच्या किल्ल्यासाठी लढणारे चार मुसलमान. त्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

बादशहाने काझी मुहम्मद अक्रमला सांगितलं, मुफ्तींबरोबर, म्हणजे कायद्यावर मत देणाऱ्या पंडितांबरोबर, बसून शरियतीप्रमाणे काय करावं ते कळवा. काझीने निकाल दिला: हिंदूंनी इस्लाम स्वीकारला तर सोडून द्यावं, मुसलमानांना तीन वर्षं कैदेत ठेवावं. बादशहाला ते मानवलं नाही. त्याच कागदावर त्याने शेरा मारला. त्याचा आशय असा: हा हनफी मताप्रमाणे निर्णय झाला, आता दुसरा काही मार्ग काढा, राज्यावरची पकड सुटता कामा नये, आपल्यात चार मजहब आहेत आणि चारही खरे आहेत. (मजहब म्हणजे सुन्नी मुसलमानांतल्या कायद्याच्या चार परंपरा, हनफी ही त्यांतली एक.) काझी-मुफ्ती पुन्हा बसले. या खेपेला त्यांनी फतावा-ए-आलमगिरी या कायद्याच्या ग्रंथातून निकाल काढला की जरब बसावी म्हणून तेराही जणांना ठार करावं. बादशहाने मान्यता दिली आणि लिहिलं की बंडखोरांची मुंडकी पाहिल्याशिवाय मी रोजा सोडणार नाही. सूर्यास्ताच्या सुमारास मुंडकी त्याच्यापुढे आणली गेली.

ही हकीगत ‘अहकाम-ए-आलमगिरी’ या फारसी संग्रहातली. तो औरंगजेबाचा सरदार हमीदुद्दीन खान याच्या नावावर आहे आणि जदुनाथ सरकारांनी तो इंग्रजीत आणला. त्यातल्या सगळ्या गोष्टी सारख्याच भरवशाच्या मानता येत नाहीत, तेव्हा संवाद शब्दशः असाच झाला असं मी म्हणणार नाही. पण लिहिणारा बादशहाच्या पक्षातला आहे आणि त्याला यात लपवण्यासारखं काही वाटलेलं नाही. माझ्या दृष्टीने हाच मोठा पुरावा आहे.

आता नीट पाहा. फतावा-ए-आलमगिरी हा ग्रंथ औरंगजेबाच्याच हुकमावरून, शेख निजाम यांच्या देखरेखीखाली उलेमांनी अरबीत तयार केला, आणि तो हनफी मताचाच आहे. म्हणजे पहिला निकाल हनफी आणि दुसराही हनफीच! मजहब बदलावा लागला नाही, फक्त बादशहाची इच्छा कळावी लागली. कायदा एकच असता तर असा संग्रह करायची वेळच का आली असती? मतं अनेक होती, म्हणून तर निवड करावी लागली. दुसऱ्या दाव्याचे लोक म्हणतील की दोष बादशहाचा. पण त्या निकालावर काझीची आणि मुफ्तींची संमती होती, आणि आधार ग्रंथातलाच होता. त्या तेरा जणांच्या बाबतीत कायदा आणि सत्ता यांची फारकत करून दाखवता येत नाही.

मग सगळ्या रयतेला शरियत लावली होती का? आदिलशाहीतले आपल्या भागातले महजर, म्हणजे सभेच्या निवाड्याचे कागद, वाचा. पाटीलकीचा तंटा असला की गोतसभा बसायची. देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, बलुतेदार, आणि त्यांच्यात काझीही. पण वाद सुटायचा तो वतनाच्या रिवाजावर, साक्षीपुराव्यावर, आणि तेही जमलं नाही तर दिव्यावर, म्हणजे उकळत्या तेलात हात घालण्यासारख्या परीक्षेवर. मराठ्यांचं राज्य आल्यावरही काझींची वतनं राहिलीच.

तिहेरी तलाकवरही असंच अर्धवट बोललं जातं. ‘ते कुराणातच आहे’ हेही बरोबर नाही आणि ‘इस्लामशी त्याचा काही संबंध नाही’ हेही नाही. हनफी फकीहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, त्याला पाप म्हटलं आणि तरीही लागू मानलं. चौदाव्या शतकातल्या इब्न तैमिया या धर्मपंडिताने ते एकच तलाक धरलं, इजिप्तने १९२९ मध्ये तसा कायदा केला. आपल्याकडे ते रद्द ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०१७ उजाडलं. त्याआधी १९६६ मध्ये समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत नेला होता. या प्रश्नात ज्या बायकांनी सोसलं, त्यांना कोणत्याही बाजूच्या घोषणेचा काही उपयोग झाला नाही.

आणि मालमत्ता. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, हे कुराणात स्पष्ट आहे, आणि सातव्या शतकात ती मोठी गोष्ट होती. हे मोकळेपणाने मानायला हवं. पण १८४७ मध्ये खोजा आणि मेमन या मुस्लिम व्यापारी जमातींतल्या मुलींनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात तोच वाटा मागितला, तेव्हा त्यांच्याच समाजातल्या पुरुषांनी सांगितलं की आमच्यात मुलींना वाटा देण्याची चाल नाही. न्यायमूर्ती अर्स्किन पेरींनी चाल मान्य केली आणि मुली हरल्या. पुढे १९३७ चा शरियत कायदा आला, तो अशा चालींच्या जागी शरियत आणण्यासाठीच. त्याचं दुसरं कलम काढून पाहा. वारसाहक्क, विवाह, मेहर, वक्फ, सगळं आहे, पण शेतजमीन वगळून! शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती हे एक कारण, आणि बड्या जमीनदारांना ते सोयीचं होतं हे दुसरं. जिथे खेड्यातल्या माणसाची बहुतेक मिळकत जमिनीतच असते, तिथे या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यात हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा कागद, कुणाला ठाऊक नाही? वडील गेले की वारसांत बहिणींची नावं लागतात, मग भाऊ त्यांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात, ‘राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय’ असं लिहिलेल्या कागदावर अंगठा किंवा सही होते आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, निघतो. माहेर तुटू नये म्हणून बहीण गप्प बसते. हिंदू घरात होतं आणि मुसलमान घरातही होतं. कुणाचा ग्रंथ काय म्हणतो, हे तिथे कोणी विचारत नाही.

इतिहास आणि समाजशास्त्र शिकणारी बरीच मुलं-मुली इथे समोर बसली आहेत, त्यांना माझी विनंती आहे. आपापल्या तालुक्यातल्या दहा-वीस गावांचे फेरफार पाहा, हक्कसोड केलेल्या बायकांशी बोला, मुसलमान आणि हिंदू दोन्ही घरांत जा, आणि मिळेल ते वर्षांनुसार लिहून काढा. काम सुरू केलंत तर मी पुन्हा साताऱ्याला येईन आणि तुमच्याबरोबर ते कागद वाचायला बसेन.