गिरणेची वाळू, गावाचं पाणी

पहाटेचे साडेचार. गिरणेच्या पात्रात दिवे न लावता ट्रॅक्टर उतरलाय. दिसत काही नाही, फावड्यांची खरखर तेवढी ऐकू येते.

नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरांतून निघालेली गिरणा चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याकडून जळगावपर्यंत येते आणि तापीला मिळते. उन्हाळ्यात ती कोरडी दिसते, पण पाणी वाळूखाली असतं. हात-दीड हात उकरलं की आधी ओल लागते, मग बोटांभोवती पाणी गोळा होतं. गढूळ असतं, थोडं थांबलं की निवळतं. मग वाटीवाटीनं हंडा भरायचा. हा झिरा. आमच्या आज्यांनी कित्येक उन्हाळे यावर काढले.

आता हिशोब बघा. एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट, सुमारे २,८०० लिटर. कणाकणांमधली मोकळी जागा ३० टक्के धरली, तरी ब्रासमागे ८०० लिटरच्या वर पाणी मावतं. ब्रास एकदाच विकला जातो. ते ८०० लिटर मात्र दर पावसाळ्यात गावाला पुन्हा मिळणार होते.

वाळू गेली की पूर आला तसा निघून जातो, काठच्या विहिरींकडे झिरपायला पाणी थांबत नाही. मग केळी लावणारा शेतकरी बोअर आणखी खोल नेतो. कर्ज त्याच्या नावावर, वाळूचा पैसा दुसऱ्याच्याच खिशात. चोरून वाळू उपसली तर जमीन महसूल संहितेत बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहन जप्तीही आहे. पण दंड सरकारी तिजोरीत जातो. विहिरीत पाणी कोण आणून ओतणार?

आणि सामायिक गोष्ट सांभाळता येत नाही, असं खान्देशात तरी कुणी म्हणू नये. धुळ्याकडे पांझरा नदीवर शेकडो वर्षं बंधाऱ्याचं पाणी वाटून घ्यायची फड पद्धत चालली, काही ठिकाणी आजही चालते. बंधाऱ्याखालचं शिवार फडांत, म्हणजे मोठ्या भागांत, वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडणार पाटकरी, आपल्या हातानं कुणी दार उघडायचं नाही. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक राहायचा. शेतकऱ्यांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असल्यानं झळ एकट्यादुकट्याला नाही, सगळ्यांना बसायची. म्हणून तर नियम पाळला जायचा.

इकडे गिरणेवर उजाडलंय. भरलेली ट्रॉली काठ चढते आहे. वाळू ओली आहे, फळ्यांच्या फटींतून पाणी ठिबकतंय. पात्रापासून डांबरी रस्त्यापर्यंत एक ओली रेघ उमटली आहे.