आधी विहीर की आधी नोंद?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि मागं ओट्यावर बसलेले, ज्यांना वाटतंय की ते मला दिसत नाहीत, अशा सगळ्यांना नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय: ‘बायबल आलं कुठून? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचा वाटा’. मी ‘वाद’ लिहून दिलं होतं, छापखान्यात त्याचा ‘वाटा’ झाला. असू द्या. भावाभावांचं भांडण म्हटलं की वाटा येतोच. मला पाऊण तास दिलाय, पण नऊला थ्री फेज येते आणि निम्मी सभा मोटर सुरू करायला शेतावर जाते हे मला ठाऊक आहे. मीही त्यातलाच.

आमचं घर प्रोटेस्टंट. सौभाग्यवती अमरावतीच्या कॅथलिक घरातल्या. लग्न त्यांच्या चर्चमध्ये झालं. माझे मोठे काका रविवारची उपासना कधी न चुकवणारे. आपलं काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र रुमालात बांधून आले आणि पहिल्या बाकावर बसले. वाचन पुकारलं गेलं: ‘तोबीतच्या ग्रंथातून.’ काकांनी बोट ओलं केलं आणि पानं उलटायला घेतली. नहेम्याच्या पुढं थेट एस्तेर. मधे तोबीत नाही. पुन्हा उत्पत्तीपासून उलटली. नाही. आपल्यालाच ऐकू कमी आलं, ‘तीत’ म्हणाले असतील, असं समजून त्यांनी नव्या करारातलं तीताला पत्र काढलं. तिथं पहिल्याच अध्यायात लिहिलंय की क्रेतातली माणसं सदा लबाड. काकांनी चष्मा काढला आणि माझ्या सासरच्या मंडळींकडं एकदा नीट पाहून घेतलं.

वर वाचन चालू होतं ते नवरा-नवरीच्या पहिल्या रात्रीच्या प्रार्थनेचं. कॅथलिक लग्नात हा उतारा बरेचदा वाचतात. त्यातल्या नवरीचे आधीचे सात नवरे पहिल्याच रात्री मेलेले आहेत, हे मला नंतर घरी वाचल्यावर कळलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पंगतीत काका सासऱ्यांच्या शेजारी बसले. “पाहुणे, हे तोबीत काहून घुसडलं तुमी शास्त्रात?” सासरे तितकेच कडक. “आमी कायले घुसडतो? तुमच्याच लोकायनं फाडून टाकलं.” दोघांच्याही ताटातली बुंदी तशीच राहिली. ‘घुसडलं’ आणि ‘फाडलं’ या दोन क्रियापदांवर हा वाद पाचशे वर्षं चाललाय. कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तकं आहेत, आमच्यात ६६. फरक सातांचा, सगळी जुन्या करारातली: तोबीत, यहुदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबीची दोन. शिवाय एस्तेर आणि दानीएलमध्ये काही तुकडे जास्त. नवा करार दोघांचाही २७ पुस्तकांचाच, तिथं तंटा नाही.

आता विहिरीकडं येतो. सौ. म्हणतात, तुमच्या कुठल्याही भाषणात ती विहीर येतेच कशी? येते, कारण ती आहे. मुद्दा तोच आहे.

आजोबांनी खणलेली, दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या असलेली विहीर. वडील गेले, वारसाचा फेरफार झाला, नवा सातबारा हाती आला. माझ्या गटावर ‘जिरायत’. विहीर कुठेच नाही, माझ्याकडं नाही आणि भावाकडंही नाही. चकरा मारून मारून एकदाचे तलाठी पाहणीला आले. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. मे महिना, दुपारचा एक. संत्र्याच्या झाडाखाली बसले, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी बादली सोडली, कप्पी किरकिरली, पाणी वर काढून तांब्या हातात दिला. त्यांनी दोन तांबे रिचवले, तिसरा तोंडावर मारला, मिशा पुसल्या, वही उघडली आणि म्हणाले, “सर, रेकॉर्डला विहीर दिसत नाही.”

मी म्हटलं, “मग आत्ता प्यालात ते काय?”

“ते पाणी आहे,” म्हणाले. “विहीर नाही.”

हसा, तुम्हाला हसायला काय जातं? त्या एका ओळीपायी माझं मोटरचं कनेक्शन तीन वर्षं अडलं. मी त्या कचेरीत उभा राहून हेच सांगत होतो की साहेब, नोंद केल्यानं विहीर होत नाही. विहीर आहे म्हणून नोंद करायची असते. कायदाही हेच म्हणतो. फेरफारानं मालकी तयार होत नाही, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरतात, एवढंच. मी जिंकत आलो होतो. तेवढ्यात माझा सख्खा धाकटा भाऊ बोलला, “दादा, विहीर हाय हे खरं. पन थे तुही का माही, हे ठरवन कोन? तू म्हनशील तुही, मी म्हनीन माही. कोनी लिवूनच ठेवलं नाही त आपन बांधावर उभे राहून नुसतं म्हनतच राहाचं काय?”

त्या दिवशी मला कॅथलिक समजले.

लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. आमचा प्रोटेस्टंट युक्तिवाद हा माझा विहिरीचा युक्तिवाद. पुस्तकं देवाकडून आली, मंडळीनं ती ओळखली, नोंदवली, बस. आमचे जुने धर्मपंडित कॅल्विन विचारतात, उजेड आणि अंधार, गोड आणि कडू यातला फरक कुणी शिकवावा लागतो का? शास्त्र स्वतःच स्वतःची साक्ष देतं. कॅथलिकांचा युक्तिवाद माझ्या भावाचा. ते चर्चला ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात, आम्ही ‘मंडळी’. शब्दसुद्धा वाटून घेतलेत. ते म्हणतात, गोड-कडू तुम्हाला इतकं सहज कळतं, तर तोबीत गोड की कडू यावर शहाणी माणसं शतकानुशतकं का भांडली?

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. इथून रिद्धपूर मोटरसायकलनं अर्ध्या तासावर. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी, ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं त्यांना गाठून गाठून लीळा, म्हणजे स्वामींच्या आठवणी, गोळा केल्या, नागदेवाचार्यांपुढं ठेवून तपासून घेतल्या. ती मूळ पोथी खिलजीच्या धामधुमीत गेली. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिली, आणि एका लीळाचरित्राचे अनेक पाठ झाले. आता मला सांगा, पोथीमुळं पंथ की पंथामुळं पोथी? वचनं स्वामींची, हे तर कुणीच नाकारत नाही. पण आठवणारी माणसंच नसती तर? दुसऱ्या रांगेतले एक बाबा मान हलवतायत. बाबा, आपण चहाला बोलू, इथं नको.

किती वाजले? आठ चाळीस. बरं. मग जे सांगायला बोलावलं होतं ते आता पळत सांगतो.

ही सात पुस्तकं ज्यू लोकांच्या ग्रीक शास्त्रसंग्रहात होती. त्या भाषांतराची सुरुवात ख्रिस्ताच्या अडीचशेएक वर्षं आधी अलेक्झांड्रियात झाली. पहिले ख्रिस्ती ग्रीक वाचणारे, त्यांनी तोच संग्रह वापरला. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोम नावाचे पंडित हिब्रूवरून लॅटिन करायला बसले आणि म्हणाले, हिब्रूत जे नाही ते वाचा, पण त्यावर सिद्धांत बांधू नका. त्यांच्याच काळातले धर्मपंडित ऑगस्टीन म्हणाले, सगळी घ्या. उत्तर आफ्रिकेत ३९३ला हिप्पोच्या आणि ३९७ला कार्थेजच्या सभेनं ऑगस्टीनची बाजू घेतली. त्याआधी ३६७ साली अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांच्या पत्रात नव्या करारातली बरोबर आपली २७ पुस्तकं आहेत, म्हणून दोन्हीकडचे लोक ते पत्र नाचवतात. जुन्या कराराच्या यादीत मात्र त्यांनी बारूख घेतलं आणि एस्तेर वगळलं. म्हणजे ते ना काकांचे, ना सासऱ्यांचे.

मग हजारेक वर्षं भांडण थंड. का? माझी विहीर कनेक्शनची गरज पडेपर्यंत कुणाला आठवली होती? १५१९ साली जर्मनीत लाइपझिगच्या वादसभेत, ज्यांच्यापासून आम्ही प्रोटेस्टंट सुरू झालो त्या लूथरसमोर एक नावाचे एक पंडित उभे होते. आडनावच एक, मी काय करू? विषय मेलेल्यांच्या आत्म्यांचा. एक यांनी मक्काबीचं दुसरं पुस्तक काढलं, बारावा अध्याय: यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्यांसाठी यरुशलेमला पैसे पाठवतो, प्रार्थना करतो. लूथर म्हणाले, हे पुस्तक प्रमाण यादीतलंच नाही, आणि मंडळी एखाद्या पुस्तकाला त्याच्यात नसलेलं वजन देऊ शकत नाही. १८ फेब्रुवारी १५४६ला लूथर वारले. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, ८ एप्रिलला, कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं ७३ पुस्तकांवर शिक्का मारला.

आता काकांसाठी. लूथरनं फाडलं नाही. त्यांच्या १५३४च्या जर्मन बायबलात ही पुस्तकं आहेत, दोन करारांच्या मधे, ‘शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला चांगली’ अशा शेऱ्यासकट. १६११च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलातही आहेत. ती खरी गळली १८२६च्या सुमारास, जेव्हा लंडनच्या बायबल सोसायटीनं ठरवलं की त्यांच्या छपाईला आपला पैसा द्यायचा नाही. मिशनऱ्यांच्या हातून गावोगाव गेली ती त्यानंतरची स्वस्त बायबलं. बऱ्याच घरांतलं शास्त्र धर्मपंडितांनी नव्हे, छपाईच्या हिशेबानं बारीक केलं. आणि सासऱ्यांसाठी: ‘हिब्रूत नाही’ हा आमचा हुकमी पत्ता होता. १९५२ साली मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत तोबीतचे तुकडे सापडले, अरामीतले आणि एक हिब्रूतला. पत्ता गेला.

माझा मुद्दा एका वाक्यात. १८७०च्या व्हॅटिकन परिषदेनं स्पष्ट लिहिलंय की ही पुस्तकं ख्रिस्तसभेनं मान्य केली म्हणून पवित्र नाहीत, त्यांचा कर्ता देव आहे म्हणून पवित्र आहेत. म्हणजे नोंदीनं विहीर होत नाही हे कॅथलिकही म्हणतात! आणि मंडळीच्या साक्षीनं माणूस शास्त्राचा मान ठेवायला लागतो, हे प्रोटेस्टंटांच्या वेस्टमिन्स्टर कबुलीत, म्हणजे त्यांच्या श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यात, १६४६ साली लिहिलंय. काकांनी ज्यावर सासऱ्यांना धरलं ते सासरे म्हणतच नव्हते, आणि सासऱ्यांचंही तेच. उरलेलं खरं भांडण फक्त तलाठ्याच्या सहीचं, म्हणजे ख्रिस्तसभेच्या निर्णयाचं: ती चुकू शकते की नाही. यावर एक पूर्ण व्याख्यान लागेल आणि ते पाहा, मागचे तिघं उठले. थ्री फेज आली वाटतं.

काकांचं राहिलं. लग्नानंतर महिन्याभरानं त्यांनी सौ.चं बायबल मागून नेलं आणि चार दिवसांनी वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणलं. म्हणाले, शास्त्र म्हणून नाही वाचलं, गोष्ट म्हणून वाचलं. तोबीतच्या पोराबरोबर प्रवासाला एक कुत्रा निघतो, परत येतानाही तो दिसतो, पुढं त्याचा पत्ता नाही. काका तिला विचारत होते, “सूनबाई, थो कुत्रा दोनदाच येते. मंग जाते कुठी?”

तिला सांगता येईना. मी आमच्या पाळकांना विचारलं. ते म्हणाले, आपल्या शास्त्रात तो कुत्राच नाही.