हलला आणि हलवला

मंडळी, नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘एमईपी तपासणीत काय होतं?’ एमईपी म्हणजे मोटर इव्होक्ड पोटेन्शियल, मेंदूतून निघालेला हलण्याचा निरोप स्नायूपर्यंत किती वेळात पोचतो ते बघणारी तपासणी. त्याच्याखाली कोणीतरी ‘नसांची शॉक टेस्ट’ असंही लिहिलंय, ते माझं नव्हे. पुसायला सांगितलं तर डस्टर सापडेना म्हणे. 33 वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं, डस्टर मलाही कधी सापडला नाही. त्यामुळे डस्टरबद्दल तक्रार नाही. ‘शॉक’ या शब्दाबद्दल आहे.

गेल्या पावसाळ्यात मला शर्टाची बटणं लावता येईनात. ही म्हणाली, वय झालं. पुढे जिन्यात पाय अडखळायला लागला. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी टेकवली तर पाय असा उडाला की ते खुर्चीसकट मागे सरकले. एमआरआयमध्ये मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दबलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, “फोटोत रस्ता अरुंद दिसतोय. वाहतूक किती अडते ते बघू,” आणि चिठ्ठीवर तीन अक्षरं लिहिली. काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी वाचली आणि आत हाक मारली, “शॉकवाले आजोबा आलेत, उद्याची वेळ देऊ का?”

एवढंच! किती वेळ लागतो, उपाशी यायचं का, काही सांगायची पद्धत नाही. हिनं शेजारी विचारलं, तर उत्तर मिळालं, “ते मानसिक आजारात देतात तेच ना?” रात्रभर ही जागी. मी मात्र शांत झोपलो. म्हणजे डोळे मिटून पडलो होतो.

आता थोडं विषयांतर. मागे बसलेले माझे दोन विद्यार्थी हसतायत, त्यांना ‘थोडं’ म्हणजे किती ते माहीत आहे.

29 ऑगस्ट 1831. मायकेल फॅरडेनं लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडली की दुसऱ्याजवळची चुंबकसूची हलायची, बॅटरी काढली की पुन्हा हलायची. मधे प्रवाह नुसता वाहत असताना काही नाही! चुंबकीय क्षेत्र बदललं तरच वीज. हा प्रयोग मी दरवर्षी दाखवायचो. आमच्या शाळेतला गॅल्व्हॅनोमीटर, म्हणजे वीज वाहिली की ज्याचा काटा हलतो ते यंत्र, मात्र सरकारी स्वभावाचा. एकदा तपासणीला साहेब आले. मी कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, चुंबक खुपसला, काटा ढिम्म. पुन्हा खुपसला, ढिम्म. घाम फुटला. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, “सर, हलला!” मग सगळा वर्ग, “हलला, हलला!” साहेबांनी चष्मा पुसला आणि शेरा लिहिला, ‘प्रयोग समाधानकारक’. त्या मुलाला मी तोंडी परीक्षेत भरपूर मार्क दिले. आज कबूल करायला हरकत नाही.

तर हॉस्पिटलात खुर्चीवर बसवलं, अंगठ्याच्या मुळाशी स्नायूवर चिकटपट्ट्या लावल्या. टेक्निशियन बाईंनी दांड्याला बसवलेली बशीएवढी कॉइल डोक्यावर धरली. खट्! आणि मंडळी, माझा अंगठा उडाला. बाई म्हणाल्या, “काका, तुम्ही हलवलात का?” मी म्हटलं, “नाही हो, हलला!” अगदी त्या पोराच्या सुरात. आयुष्यभर जो काटा हलावा म्हणून देव पाण्यात घातले, तो काटा माझाच अंगठा निघाला. आपल्या मराठीत ‘हलवला’मधला ‘व’ काढला की माणूस बाजूला होतो, नुसता मार्ग उरतो. या तपासणीला तो मार्गच बघायचा असतो.

शॉक का नाही, तेही ऐका. 1980 साली मर्टन आणि मॉर्टन या संशोधकांनी डोक्याच्या कातडीवरून थेट वीज देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले. पण कवटी विजेला अडवते, म्हणून विजेचा मोठा दाब द्यावा लागतो आणि तो दुखतो. 1985 मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी कॉइल वापरली. वीज साठवणारा कंडेन्सर क्षणात रिकामा करायचा, काही हजार अँपिअर, एका मिलिसेकंदाच्या आत. चुंबकीय क्षेत्राला कवटीची अडचण नाही, आणि वीज आत मेंदूतच तयार होते. फॅरडेच, फक्त दुसरं वेटोळं म्हणजे आपण.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘5 मिनिटं’. तिसरी आहे, पहिल्या दोन मी खिशात घातल्या.

भराभर सांगतो. उपाशी जायचं नाही. वेळ साधारण अर्धा ते पाऊण तास. हातापायाला तेल, क्रीम लावू नका, पट्ट्या चिकटत नाहीत. घड्याळ, मोबाइल, कार्डं, कानातलं मशीन बाहेर ठेवा. खट् आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात, नाही दिले तर मागून घ्या. डोक्यावर टिचकी मारल्यासारखं वाटतं, कधी जबडा किंवा पापणी उडते, नंतर थोडं डोकं दुखू शकतं. मधेच “चिमटीत हलकं दाबून धरा” म्हणतात. तेव्हा थोडं तुम्ही हलवायचं, बाकी ते हलवतात. त्यानं स्नायूचं उत्तर मोठं आणि जरा लवकर येतं.

मग कॉइल मानेवर. इथे गणित आहे, सोपं. डोक्यापासून हातापर्यंत निरोप साधारण 20 मिलिसेकंदांत पोचतो. मानेपासून 13–14. वजाबाकी केली की मेंदू ते मान, 6–7. हा आकडा वाढला तर अडथळा मेंदू आणि मानेच्या दरम्यान. पायासाठी हेच, फक्त कॉइल कमरेवर. माझा हाताचा आकडा काठावर होता, पायाचा बराच पुढे. म्हणून जिना. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, यासारख्या मज्जासंस्थेच्या आजारातही वेळ अशीच लांबते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून घरी निदान करू नका, डॉक्टर तो एमआरआयशेजारी ठेवून वाचतात. आणि हातापायाला विजेचे झटके देतात किंवा स्नायूत सुई टोचतात, ती तपासणी वेगळी. कधी एकाच दिवशी दोन्ही करतात, म्हणून घोटाळा होतो.

सगळ्यात आधी सांगायचं ते शेवटी राहिलं, बघा. पेसमेकर, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूच्या रक्तवाहिनीवरची क्लिप, डोक्यात कुठलाही धातू, पूर्वी आलेली फिट, यातलं काही असेल तर वेळ घेतानाच सांगा. पण नुसतं काउंटरवर तोंडी सांगून थांबू नका. कागदावर लिहून न्या आणि कॉइल धरणाऱ्या माणसाच्या हातात द्या.