पंप उघडण्याआधी मागची स्प्रिंग बघा

ही स्प्रिंग आधी हातात घेऊन बघा आणि पुढच्याला द्या, हात थोडे काळे होतील पण चालेल, कापड इथे ठेवलंय. ही मॅसी फर्ग्युसन 35 ची कंट्रोल स्प्रिंग. ट्रॅक्टरच्या मागे, सीटच्या खाली, टॉप लिंक, म्हणजे अवजाराला वरून जोडणारा दांडा, जिथे जोडतो त्याच्या आत ही बसलेली असते, आणि मुरबाड-शहापूरकडे जे जुने 35 अजून चालतायत त्यातल्या निम्म्याअधिक मालकांनी ती कधी उघडून बघितलेली नसते असं मी माझ्या गॅरेजमधल्या अनुभवावरून सांगतो. आज ठाण्याच्या नौपाड्यात बसून एवढंच बोलायचंय, की लिफ्ट, म्हणजे पंपाच्या तेलाने मागचं अवजार उचलणारी यंत्रणा, नीट चालत नसेल तर पंपावर हात घालण्याआधी बाहेरचं सगळं तपासा आणि सुरुवात या स्प्रिंगपासून करा.

हे का, ते कळायला फर्ग्युसनची पद्धत समजून घ्यावी लागेल. हॅरी फर्ग्युसनच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जायचा, आणि नांगर दगडाला अडकला की पुढची चाकं उचलून अख्खा ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलटायचा, माणसं मेलीत त्यात. फर्ग्युसनने अवजार तीन ठिकाणी जोडलं, खाली दोन हात आणि वर एक टॉप लिंक. आता नांगर अडकला की टॉप लिंक पुढे रेटला जातो आणि पुढची चाकं जमिनीला दाबून ठेवतो. आणि खरी कमाल पुढे आहे, की त्याच रेट्याने ही स्प्रिंग दाबली जाते, स्प्रिंग दाबली की आतला व्हॉल्व्ह हलतो, पंपाला तेल मिळतं आणि नांगर जरासा वर येतो, तेवढ्यात त्याचं वजन मागच्या चाकांवर पडून पकड वाढते. जमीन मऊ लागली की उलटं. ड्रायव्हरने लिव्हरला हात लावायची गरज नाही. 1946 ते 1956 या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला 5 लाखांहून जास्त छोटे करडे टीई 20 ट्रॅक्टर बनले ते याच जोरावर, आणि एडमंड हिलरी जानेवारी 1958 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तो सुद्धा याच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर.

टीई 20 मध्ये ही स्प्रिंग फक्त दाबल्यावर काम करते. 35 मध्ये दोन्हीकडे, दाबली तरी आणि ओढली तरी, कारण हलकं नांगरताना मागे लटकणाऱ्या वजनाने टॉप लिंक बाहेर खेचला जातो आणि जोर वाढला की तो आत रेटला जातो. आता विचार करा, मध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल तर काय होईल? खेचण्याकडून रेटण्याकडे येताना मधल्या फटीत व्हॉल्व्हला काहीच कळत नाही. जमीन बदलली तरी नांगर तसाच, आणि मग एकदम वर.

आमच्या वडिलांच्या 35 चं नेमकं हेच झालं होतं. भात काढल्यावर वालासाठी रान नांगरायचो, आमच्या खाचराला मध्येच एक मुरमाड पट्टा आहे, तिथे पोचलं की नांगर खोल घुसायचा, इंजिन दबायचं, मग झटक्यात फाळ जमिनीबाहेर. तास, म्हणजे नांगराने पडलेली चर, असा लाटेसारखा दिसायचा. एका गॅरेजवाल्याने बघितलं न बघितलं आणि सांगितलं पंप गेलाय. लिफ्टचं झाकण उतरवलं, दुसरा पंप बसवला, पैसे घेतले, तास तसाच. दुसऱ्यांदा झाकण उतरवलं, रिंगा बदलल्या, तरी तसाच. वडिलांनी त्या वर्षी बैल भाड्याने आणून वाल पेरले, आणि ते मला आजही लागतं, कारण पुढच्या वर्षी मी स्वतः मागचा रबरी बूट, म्हणजे रबराचं टोपण, सरकवून क्लेव्हिस, म्हणजे स्प्रिंगच्या दांड्याच्या टोकाची पिन घालायची बेचकी, हलवला तर करंगळीचं नख जाईल एवढी फट होती. दोन्ही वेळा पंप काढणाऱ्याने तिथे बोटसुद्धा लावलं नव्हतं.

तर तपासायचं कसं. अवजार सोडा, टॉप लिंक काढा. जिथे टॉप लिंक अडकतो तो रॉकर आधी हाताने हलतो का बघा, त्याची पिन गंजून जाम झाली असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही स्प्रिंगपर्यंत जोर पोचणारच नाही, पिन काढा, साफ करा, ग्रीस लावा. मग क्लेव्हिस धरून आत-बाहेर ढकला. खेळ लागला तर तो दोन ठिकाणी असू शकतो आणि इथेच लोक चुकतात. एक म्हणजे स्प्रिंग तिच्या स्वतःच्या दांड्यावर ढिली, दुसरं म्हणजे स्प्रिंग, दांडा, क्लेव्हिस अशी अख्खी असेंब्ली हाउसिंगमध्ये, म्हणजे ती बसते त्या घरात, ढिली. पहिलं आधी. असेंब्ली बाहेर काढून क्लेव्हिस दांड्यावर फिरवत आणा, कुठपर्यंत, तर स्प्रिंग अशी... ताई, तुमच्याकडे आहे ना आत्ता, अंगठा आणि एका बोटाने फिरवून बघा. फिरतेय? जराशी अडखळत फिरतेय पण मागेपुढे हलत नाही, बरोबर? बस, एवढंच हवं. फिरलीच नाही तर तुम्ही ती आधीच दाबून ठेवलीय, मग जमिनीचा तेवढा जोर तिला कळणार नाही. हे जमलं की लॉक करा, असेंब्ली परत बसवा, आणि हाउसिंगचा मोठा नट खेळ जाईपर्यंत आवळा, गेला की थांबा, वर अजून अर्धा आटा मारायचा मोह होतो तो आवरा. मग नटाचा छोटा स्क्रू घट्ट करा, नाहीतर नट फिरून पुन्हा ढिला.

यानंतर पिना. अवजार जोडायच्या मापांच्या कॅटेगरी असतात, छोट्या ट्रॅक्टरची 1 आणि मोठ्याची 2. कॅटेगरी 1 ला टॉप लिंकची पिन 19 मिलिमीटर आणि खालच्या हातांच्या पिना 22 मिलिमीटर. कॅटेगरी 2 ला तेच 25 आणि 28 च्या घरात जातं. आपल्याकडे मोठ्या ट्रॅक्टरचं अवजार छोट्याला लावतात, 28 च्या भोकात 22 ची पिन घालतात आणि बुश टाकत नाहीत, मग अवजार खडखडतं आणि भोक लांबट होत जातं. व्हर्निअर घ्या, मोजा, घासलेली पिन लेथवाल्याकडे नेऊन नवी करा. लिफ्टच्या उजव्या हाताचा लेव्हलिंग बॉक्स, म्हणजे तो हात वरखाली करून अवजार समतल करायचा बॉक्स, फिरवण्याआधी दोन्ही मागच्या टायरची हवा सारखी आहे का बघा आणि ट्रॅक्टर सपाट कोब्यावर उभा करा, नाहीतर चुकीच्या ठिकाणी लेव्हल कराल.

तेलाबद्दल आपल्या ठाणे जिल्ह्यात जास्त बोललं पाहिजे. 35 मध्ये गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकच. गिअर लिव्हरचा रबरी बूट फाटला, ट्रॅक्टर जून ते सप्टेंबर उघड्यावर राहिला, की पाणी सरळ आत जातं आणि तेलाचं ताक होतं. रात्रभर ट्रॅक्टर न हलवता ठेवा आणि सकाळी चालू न करता खालचा ड्रेन प्लग हळू ढिला करा, पाणी जड, ते तळाशी बसतं आणि आधी तेच येतं. पाणी निघालं तर तेल पूर्ण बदला, आणि बूट त्याच दिवशी बदला, साधा रबराचा तुकडा आहे तो. बूट तसाच ठेवून तेल बदलणं म्हणजे पुढच्या पावसाची सोय.

आता एक लक्षण, जे ऐकून लोक घाबरतात. अवजार वर उचलून ठेवलं की लिफ्टचे हात जरा खाली येतात आणि झटक्याने परत वर जातात, डुलक्या घेतल्यासारखे, इंजिन चालू असेपर्यंत हेच. म्हणजे सिलिंडरमधून किंवा व्हॉल्व्हमधून तेल परत गळतंय, हात खाली आले की पोझिशन कंट्रोल, म्हणजे अवजार ठरवलेल्या उंचीवर धरणारी व्यवस्था, त्यांना परत वर नेतो. इंजिन बंद करून बघा, अवजार भराभर खाली आलं तर गळती नक्की. इथे मात्र झाकण उतरवावंच लागतं. आणि परत बसवताना बाजूची खिडकी उघडी ठेवून टॉर्च मारून बघा की झाकणातून खाली येणारा लिव्हर पंपाच्या व्हॉल्व्हवर बरोबर बसलाय, कारण नुसत्या अंदाजाने बसवलं तर सगळे बोल्ट आवळून झाल्यावर लिफ्ट एक तर वरच अडकते नाहीतर उचलतच नाही, आणि परत सगळं खोला.

आणि हे हात जोडून सांगतो. उचललेल्या अवजाराखाली कधीही जाऊ नका, लाकडी ठोकळे लावा, नुसत्या तेलावर विश्वास ठेवू नका. अडकलेली गाडी किंवा ओंडका ओढायचा असेल तर साखळी टॉप लिंकच्या जागी अजिबात बांधू नका, ओढ वर गेली की ट्रॅक्टर मागे उलटतो, फर्ग्युसनने जे थांबवलं तेच आपण परत करतो. खालचा ड्रॉबार त्यासाठीच आहे.

स्प्रिंग पोचली का मागच्या रांगेपर्यंत? काका, क्लेव्हिसची पिन तुमच्याकडेच राहिलीय बघा, ती पण द्या, उद्या सकाळी परत जोडायचीय, वालाची नांगरणी सुरू झालीय आमच्याकडे.