काळ्या मातीवरचं फुटबॉलचं मैदान

मंडळी, क्लबच्या स्टेडियमचा इतिहास निघाला की गॅलरी कोणी बांधली, उद्घाटनाला कोण आलं होतं, याचीच चर्चा होते. हिरवळीखाली काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. नागपुरात मैदान टिकतं की बिघडतं, ते मात्र तिथेच ठरतं.

आपली जुनी मैदानं खास फुटबॉलसाठी घडवलेली नाहीत. यशवंत स्टेडियमवर लीगचे सामने होतात आणि हिवाळी अधिवेशनात मोर्चेही तिथूनच निघतात. मोतीबागचं मैदान रेल्वेचं. सपाट, मोकळी जागा मिळाली, गोलपोस्ट उभे राहिले, खेळ सुरू झाला. पावसाचं पाणी कुठे जाईल, याचा विचार राहून गेला.

नागपूर दोन खडकांच्या सांध्यावर वसलंय. पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक. काळ्या पाषाणाची झीज होऊन आपली कापसाची काळी माती तयार झाली. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगांत खेळाडूचा घोटा अडकतो. जुलैत त्याच भेगा मिटतात आणि पाणी खाली मुरणं जवळजवळ थांबतं.

आता हिशेब बघा. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान म्हणजे ७,१४० चौरस मीटर. त्यावर नुसता १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ७१,४०० लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर. हे पाणी वरच्या वर काढून द्यायचं असेल तर मैदानाला एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत जाणाऱ्या मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना उतार हवा. दर १०० मीटरला ७० सेंटिमीटर पुरतो. म्हणजे मैदानाचा मध्य कडेपेक्षा साधारण २४ सेंटिमीटर उंच. प्रेक्षकाच्या डोळ्याला तो उतार जाणवतही नाही.

उरलेलं पाणी जमिनीखालून काढायचं. दर ५ मीटरला ४५ ते ६० सेंटिमीटर खोल चर खणा. तळाशी १०० मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप, २०० मीटरला किमान १ मीटर उतार देऊन. त्यावर धुतलेली बारीक गिट्टी आणि वरचे १५ सेंटिमीटर जाड्या कणांची रेती, थेट पृष्ठभागापर्यंत. इथे एक चूक हमखास होते: खणून काढलेली काळी मातीच चरावर परत लोटतात. मग पाइप कोरडा आणि मैदान तुडुंब. पाइपाला कापड गुंडाळायचीही घाई नको, काळ्या मातीचा बारीक गाळ ते कापड बुजवून टाकतो. उन्हाळ्यात माती आकसली की चरावरची रेती खाली बसते. पावसाळ्याआधी ती भरून घ्या, नाहीतर तिथेच पाय मुरगळतो.

थोडी रेती मातीत मिसळली की काम भागतं, हाही गैरसमज. चार-दोन ट्रॉल्या रेतीने काळी माती सुधारत नाही, उलट वाळल्यावर आणखी टणक होते. घालायची तर वरून सलग थर घाला. ५ सेंटिमीटर थराला ३५७ घनमीटर रेती लागते. खर्च मोठा आहे, पण गॅलरीच्या आधी करावा असा आहे. मुरूम स्वस्त पडतो. पण रोलरखाली दबलेल्या मुरुमातून पाणी झिरपत नाही, आणि पडलेल्या मुलाचा गुडघा सोलून निघतो. मुलांच्या मैदानावर मुरूम टाकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्याला वाफसा कळतो, मैदान सांभाळणाऱ्यालाही कळला पाहिजे. १० सेंटिमीटर खालची मूठभर माती घ्या, गोळा करा आणि कंबरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन चिकटून बसला, तर त्या दिवशी रोलर नाही, सराव नाही, मंडपाचा ट्रक तर मुळीच नाही. ओल्या काळ्या मातीवरून एकदा ट्रक गेला की चाकोरीखालची माती दबून घट्ट होते, पुढे तिथे गवताची मुळं खोल जात नाहीत.

गवत हरळीचंच. पहिला दमदार पाऊस झाला की १० ते १५ सेंटिमीटरवर तिचे तुकडे लावा, दीड-दोन महिन्यांत मैदान झाकलं जातं. कापताना पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एका वेळी काढू नका. भर घालायला शेतातली माती आणलीत तर तिच्यातून लव्हाळ्याच्या गाठी येतात, आणि लव्हाळा एकदा शिरला की वर्षानुवर्षं हटत नाही. उन्हाळ्यात रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यात दोनदा खोल पाणी द्या. आठवड्याला २५ मिलिमीटर म्हटलं तरी पावणेदोन लाख लिटरच्या वर पाणी लागतं, तेव्हा विहीर किंवा बोअर आधी बघा.

आता गॅलरी. उथळ पायावर बांधलेल्या पायऱ्या काळ्या मातीवर दोन-तीन पावसाळ्यांत तडकतात, कारण खालची माती दरवर्षी वर-खाली होते. ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते. म्हणून पाया तिच्या खाली न्यायचा, किंवा जमिनीत खोल उतरणारे, खालच्या टोकाशी फुगीर असलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, घालायचे. गॅलरीच्या छपराचं पाणीही पायाशी सोडू नका. पन्हळीतून थेट नाल्याला जोडा, आणि गॅलरीला लागून झाडंही लावू नका. त्यांची मुळं पायाखालची ओल ओढून घेतात आणि पाया एका बाजूने खचतो.