शीटमधली हिरवी ओळ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका सीए ऑफिसात काम करते. लक्ष्मीपुरीतले धान्याचे व्यापारी, शिरोली एमआयडीसीतल्या दोन-चार फाउंड्र्या, डॉक्टर, रिटायर झालेले शिक्षक असे मिळून तीनशेच्या आसपास क्लायंट आहेत आणि कुणाचं काम कुठवर आलंय हे बघायचं माझ्याकडं असतं. आज सांगायचंय ते आम्ही एक्सेलच्या शीट सोडून सॉफ्टवेअरवर कसे गेलो त्याबद्दल. हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल नाही हां, टॅली जिथं होतं तिथंच आहे. काम कुणाकडं आहे, कुठं अडलंय, कधी द्यायचंय हे सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्याबद्दल बोलतेय.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमचा महिनाच बदलला. ७ तारखेला टीडीएस (पैसे देताना कापलेला टॅक्स) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १४ ला २बी, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, आली की खरेदीशी मिळवायला बसायचं, २० ला ३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न, तिमाही रिटर्नवाल्यांचं २२ ला, मधेच ॲडव्हान्स टॅक्सचा हप्ता, टीडीएसची रिटर्न, जुलैत पगारदार-पेन्शनरांची गर्दी, ती संपते न संपते तोवर टॅक्स ऑडिट, म्हणजे धंदेवाल्यांच्या हिशेबाची तपासणी. हे सगळं आम्ही एका शीटवर चालवत होतो आणि खरं सांगते, बरीच वर्षं चाललं पण.

मग २०२३ च्या जुलैत एका रिटायर शिक्षकांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं, २९ तारखेला. ज्यानं भरलं त्यानं शीटमध्ये 'फाइल्ड' लिहिलं, ओळ हिरवी केली, पुढच्या कामाला लागला. आता रिटर्न भरलं की ३० दिवसांत ते ई-व्हेरिफाय, म्हणजे आधारच्या ओटीपीनं वगैरे पक्कं, करायला लागतं, आधी १२० दिवस मिळायचे, १ ऑगस्ट २०२२ पासून ३० झाले. सरांच्या आधारला मोबाइल नंबर पुण्यातल्या मुलाचा, ओटीपी तिकडं जाणार, सर म्हणाले संध्याकाळी त्याला विचारून सांगतो, आणि ते राहूनच गेलं. शीटमध्ये व्हेरिफायचा कॉलमच नव्हता हो! सप्टेंबरात सर रिफंडचं विचारायला आले तेव्हा उलगडा झाला. मुदत गेल्यावर व्हेरिफाय केलं की ज्या दिवशी व्हेरिफाय केलं तीच रिटर्नची तारीख धरतात, म्हणजे वेळेत भरलेलं रिटर्न उशिराचं झालं आणि वर ५००० रुपये लेट फी. पैसे ऑफिसनं भरले. सर काही बोलले नाहीत, चहा घेतला आणि गेले, पण ती हिरवी ओळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या आठवड्यात मी शीट नीट वाचायला घेतली तर लक्षात आलं की रंगांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा आहे. एकाचं पिवळं म्हणजे डेटा आलाय, दुसरीचं पिवळं म्हणजे क्वेरी पेंडिंग. जिनं हे रंग ठरवले ती लग्न होऊन बेळगावला गेलेली. महिना बदलला की मागच्या महिन्याची शीट कॉपी करायची पद्धत, त्यामुळं मधेच आलेला नवा क्लायंट जुन्या कॉपीत नसला की सुटलाच. एकदा तर कुणीतरी नुसता तारखांचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारला, नावं जागेवर आणि तारखा भलतीकडं, आम्ही दुपारभर एकेक फाइल उघडून जुळवत बसलो होतो. आणि सगळ्यांचे पोर्टलचे पासवर्ड त्याच शीटमध्ये, ती शीट व्हॉट्सॲपवर इकडून तिकडं, ह्याची मला आता भीती वाटते.

साहेबांना हे दाखवलं, ते म्हणाले सॉफ्टवेअर घेऊया. घेतलं, आणि पहिल्यांदा फसलं, कारण घाई केली. ऐन टॅक्स ऑडिटच्या धावपळीत सगळ्या क्लायंटची शीट जशीच्या तशी आत ओतली, म्हणजे शीटमधला सगळा घोळ सॉफ्टवेअरमध्ये गेला, बाकी काही नाही. एकच व्यापारी तीन स्पेलिंगनं तीन वेळा.

मग नोव्हेंबरात शांतपणे परत बसलो. आधी यादी साफ केली, नावावरून नाही, पॅनवरून. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, आपल्या महाराष्ट्राचे पहिले दोन आकडे २७, त्याच्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच, त्यामुळं दोन्ही जुळवले की डबल नोंदी आपोआप सापडतात. ह्यालाच आठ दिवस गेले, पण ते आठ दिवस गेले नसते तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर आण्णांना विनंती केली. आण्णा आमच्याकडचे सगळ्यात जुने, त्यांच्या डायऱ्या आहेत, कॉम्प्युटरवर त्यांचा फारसा जीव नाही. त्यांना म्हटलं आण्णा, एका क्लायंटचं ३बी तुम्ही कसं करता ते पहिल्यापासून सांगा, मी लिहून घेते. विक्रीची बिलं आली का, खरेदीची आली का, बँक स्टेटमेंट, एंट्री, २बीशी मिळवणी, ज्या पार्टीचं बिल दिसत नाही तिला फोन, दुसऱ्या माणसानं तपासणी, टॅक्स भरायचं चलन, क्लायंटचा होकार, फाइल, पावती पाठवणं, आमचं बिल. आमच्या शीटमध्ये ह्या सगळ्याला एकच खाना होता, झालं किंवा नाही झालं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही आण्णांच्याच पायऱ्या टाकल्या, आणि रिटर्नच्या कामात ई-व्हेरिफाय ही वेगळी पायरी, ती झाल्याशिवाय काम बंदच होत नाही.

सुरुवातीला फक्त २० क्लायंट, फक्त ३बी, आणि दोन महिने शीट पण चालू ठेवली. दोन्हीकडं लिहायचं म्हणून पोरं वैतागली, त्यांचं बरोबरच होतं, पण तारखेला चूक होऊन चालत नाही म्हणून मी हट्ट सोडला नाही. तिसऱ्या महिन्यात शीट फक्त बघण्यापुरती ठेवली, कुणी लिहायचं नाही. आता सरकारनं मुदत वाढवली की एका ठिकाणी तारीख बदलते, सगळ्यांची बदलते. आर्टिकलशिप, म्हणजे सीए व्हायला निघालेल्या मुलांची ऑफिसातली उमेदवारी, तीन वर्षांची दोन वर्षांवर आलीय, मुलं लवकर बदलतात, पण नवीन मुलगा पहिल्याच दिवशी बघतो की ह्या फाउंड्रीचं काम कुठल्या पायरीवर आहे आणि कुणाच्या उत्तरासाठी अडलंय. मला उठून विचारायला येत नाही. पासवर्ड ज्याला लागतो त्यालाच दिसतो.

सगळं जमलंय असं नाही. क्लायंट अजून बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवरच पाठवतात, ते आपल्याला उचलून आत ठेवायला लागतात. डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हचं रजिस्टरही अजून शीटवरच आहे, कुणाच्या सहीची मुदत कधी संपतेय ते नेमकं फाइल करायच्या दिवशी कळतं. ते ह्या महिन्यात हलवतोय, आण्णा डब्यातले पेनड्राइव्ह एकेक काढून तारखा वाचतात, मी टाइप करते, निम्मे झालेत.